नव्या बँडला रिदम कुठला धरायचा? ड्रमसेट, कॅजॉन, ऑक्टोपॅड की तबला-ढोलकी

गिटारवाला मिळतो, कीबोर्डवाला मिळतो, गाणारे तर कोल्हापुरात गल्लीला चार सापडतील, पण नवीन बँड अडतो तो रिदमपाशी. कोण वाजवणार हे राहिलं बाजूला, वाजवायचं काय यावरच व्हॉट्सॲप ग्रुपवर महिना-महिना भांडणं चालतात. एकाला ड्रमसेटच पाहिजे असतो, कारण स्टेजवर मागं ड्रमसेट दिसला की बँड 'बँड' वाटतो. दुसरा म्हणतो कॅजॉन, म्हणजे वर बसून वाजवायचं लाकडी खोकं घेऊया, स्वस्तात काम. तिसऱ्याचा मामा ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचे लाइटवरचे पॅड) वाजवतो, त्यामुळं त्याला तेच पाहिजे. आणि चौथा गप्प बसलेला असतो, जो लहानपणापासनं तबला शिकलाय आणि ज्याला कोणी विचारतच नाही. हे लिहितोय ते असल्या चार-पाच जणांच्या ग्रुपसाठी, ज्यांच्याकडं पैसे मोजके आहेत आणि सध्या एकच काहीतरी घ्यायचंय. मी स्वतः ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवतो, ड्रमसेटवर बसतो पण ड्रमर म्हणवून घेण्याइतका नाही, तेव्हा माझं पारडं थोडं हिकडं झुकणार हे धरूनच वाचा.

खासबाग मैदानात कुस्ती बघायला गेला असाल तर हलगी-घुमकं कानावर पडलंच असेल. पुढच्या वेळी पैलवानांकडं न बघता पाच मिनिटं नुसतं त्या वाजवणाऱ्यांकडं बघा. घुमकं खालचा जड ठोका धरून बसलेलं असतं, कैताळ (झांजेसारखं वाद्य) एकाच चालीत खणखणत राहतं आणि हलगी त्या दोघांच्या जिवावर बोलते. कुस्ती रंगली की हलगी चढते, डाव थंडावला की उतरते, पण खालचं घुमकं काय हलत नाही. म्हणजे तीन कामं झाली बघा, खालचा ठोका, मधली एकसारखी चाल आणि वरची कडक थाप. कुठलाही रिदम सेक्शन घ्या, ही तीन कामं कुणा ना कुणाकडं वाटलेली असतात. ड्रमसेटमध्ये खालचा ठोका पायानं वाजवायच्या मोठ्या किक ड्रमचा, चाल हाय-हॅटची, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजांची, थाप स्नेअर या कडक आवाजाच्या लहान ड्रमची. तबल्यात डग्गा खाली, चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा 'ना' वर आणि मधले बारीक बोल चाल सांभाळतात. कॅजॉनच्या पाटीवर मधोमध मारलं की खालचा आवाज येतो, वरच्या कडेला मारलं की वरचा, आणि चाल मात्र बोटांनी कशीतरी भरावी लागते.

त्यामुळं कुठलं वाद्य भारी हे विचारण्यात अर्थ नाही, तुमच्या बँडात या तीनपैकी कुठलं काम कोण आधीच करतंय ते बघायचं. ॲकॉस्टिक गिटारवाला सलग स्ट्रमिंग करत असेल तर चाल त्यानं धरलेलीच आहे, त्याच्यावर परत हाय-हॅट टिकटिकत ठेवला की नुसता गोंधळ होतो. बेस गिटार असेल तर खालचं काम निम्मं झालं. बेस गिटारला लोक रिदमचं वाद्य समजत नाहीत, पण ते आहेच, तिची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते आणि किक ड्रमचा धक्का तिच्या जवळपासच असतो, म्हणून ते दोघं एका वेळी पडले तर लोकांच्या छातीत ठोका बसतो आणि मागंपुढं पडले तर अख्खा बँड ढिला वाटतो. आपल्याकडच्या नव्या बँडात नेमका बेसवालाच नसतो. अशा बँडनं फक्त ढोलकी घेतली तर गाणं वरच्यावर तरंगतं, खाली काही नसतं, आणि मग साउंडवाल्याला 'बेस वाढव बेस वाढव' म्हणून ओरडत बसायचं. नसलेला बेस तो वाढवणार कुठनं?

अजून एक काम आहे जे कुणी धरत नाही, आणि माझ्या मते निम्मा रिदम तेच आहे. गाणं सुरू कुठं करायचं, थांबवायचं कुठं आणि गाणारा शब्द टाकत असताना गप्प कधी बसायचं. ड्रमर काड्या आपटून चार मोजतो, तबलजी तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन सगळ्यांना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आणून सोडतो. हे वाद्यात नसतं, माणसात असतं. म्हणून ग्रुपमध्ये आधीच एखादा तालाचा पक्का माणूस असेल तर त्याच्या हातात जे वाद्य आहे त्याला मोठा मान द्या. पाच वर्षं तबला शिकलेला मुलगा सोडून यूट्यूबवर तीन महिने ड्रम बघितलेल्याला बसवणं हा नुसता शो आहे.

आता एकेक घेऊ.

ड्रमसेट

पाच ड्रमचा साधा सेट म्हणजे साधारण २२ इंची किक, १४ इंची स्नेअर, तीन टॉम, वर हाय-हॅट, क्रॅश आणि राइड या झांजा. चारही हातपाय वेगवेगळं काम करतात आणि म्हणूनच तीनही कामं एकटा माणूस करू शकतो, तेही पूर्ण ताकदीनं. स्वतःची रॉक टाइप गाणी करायची असतील, डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटका आवाज काढणारी गिटार असेल, कॉलेजच्या फेस्टला वाजवायचं असेल तर ड्रमसेटला दुसरं काही नाही, उगाच पर्याय शोधू नका. हळू वाजवण्यापासनं फोडून काढण्यापर्यंत जेवढी रेंज त्यात आहे तेवढी या यादीतल्या बाकी कशात नाही. आणि पुड्या, म्हणजे ज्याच्यावर मारतो ते पडदे, प्लास्टिकच्या, म्हणजे मायलरच्या असतात, त्यामुळं आपल्या पावसाचा त्यांना काही फरक पडत नाही.

पण. हा 'पण' लई मोठा आहे. पहिलं म्हणजे आवाज. बंद खोलीत जोरात वाजवलेला ड्रमसेट १०० डेसिबलच्या घरात सहज जातो. कानांचं गणित असं सांगतात की ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमची प्रॅक्टिस दोन तासांची असते. बाकीच्यांनी पण कानात बोळे घालायला पाहिजेत, फक्त ड्रमरनं नाही. आणि शेजारी? रहिवासी भागातली कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, मधल्या खोलीत ड्रमसेट लावला तर तिसऱ्या दिवशी काकू दारात उभ्या, "काय करालायसा रे पोरांनो, बाळ उठालंय" म्हणून. तेव्हा शेतातलं घर, गोडाऊन, वर्कशॉपचा माळा, असलं काही हाताशी असेल तरच ड्रमसेटचा विचार करा. उद्यमनगरात कुणाचं शेड संध्याकाळनंतर मोकळं असेल तर सोनं समजा.

दुसरं, हलवणं. ड्रमसेट म्हणजे छोटा हत्ती भाड्यानं आलाच, किंवा कुणाची तरी ओम्नी. प्रोग्रॅमला तासभर आधी पोचायचं, स्टँड जोडायचे, आणि फरशीवर सेट लावला असेल तर किक ड्रम प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढं सरकत जातो. तिसऱ्या गाण्यापर्यंत ड्रमर पाय लांबवून वाजवत असतो. त्याला एकच उपाय, खाली जाड सतरंजी, आणि त्याच सतरंजीवर स्टूल पण पाहिजे म्हणजे ड्रमरच्या वजनानं सतरंजी जागची हलत नाही. नुसत्या सेटखाली टाकली तर सतरंजीसकट सरकतो.

तिसरं माइक. शाहू स्मारक भवनसारख्या हॉलमध्ये माइक न लावता पण ड्रमसेट सगळीकडं ऐकू येतो, उलट गाणाऱ्यावर चढतो. मग ड्रमरला दाबून वाजवायला लागतं, आणि दाबून वाजवून गाण्यात जोर टिकवणं हे नवशिक्याला जमत नाही, ते बरंच पुढचं काम आहे. उघड्या लॉनवर याच्या उलटं, किकला एक, स्नेअरला एक, वर दोन, एवढे तरी माइक पाहिजेत. मंडपाच्या साउंडवाल्याकडं सगळे मिळून सहा माइक असतात आणि त्यातले दोन निवेदकाच्या हातात.

कॅजॉन

हे लाकडी खोकं मूळचं पेरू देशाच्या किनारपट्टीवरचं. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी मालाची खोकी बडवत त्याचं वाद्य केलं, नंतर १९७० च्या दशकात गिटारवादक पाको दे लुसिया यांनी ते स्पेनच्या फ्लॅमेंकोत नेलं आणि तिथनं जगभर पसरलं. आपल्याकडं कॅफेतले अनप्लग्ड प्रोग्रॅम सुरू झाले तसं ते दिसायला लागलं.

माप साधारण ३० बाय ३० बाय ४८ सेंटिमीटर, म्हणजे ॲक्टिवावर पुढं पायापाशी ठेवून राजारामपुरीतनं रंकाळ्यापर्यंत आरामात जाता येतं. बसायला वेगळं स्टूल नको, लाइट नको, जोडाजोड नको. पैशाच्या बाबतीत पण हलकं, काही हजारांत कामापुरतं मिळतं. पुढची पाटी पातळ प्लायची, तिला आतनं स्नेअरच्या तारा टेकवलेल्या असतात, त्यामुळं वरच्या कडेला मारलं की 'चट्' असा स्नेअरसारखा आवाज येतो. हा आवाज मवाळ वाटत असेल तर पाटीचे वरच्या दोन कोपऱ्यातले स्क्रू अर्धा-एक आटा ढिले करून बघा, पाटीचा कोपरा लाकडावर आपटायला लागतो आणि थाप एकदम कडक होते. मागच्या भोकापाशी एक माइक लावला की खालचा आवाज भरदार मिळतो, फक्त मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडं तोंड केलेला स्पीकर) बरोबर मागं ठेवू नका नाहीतर घुमायला लागतंय.

तबल्यावाल्याला कॅजॉन पटकन येतं. केरव्याच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा, हातात असलेलं सगळं थोड्या फरकानं पाटीवर उतरतं. पण पाठीचं काय ते बघा, वाकून वाकून दोन तास वाजवलं की कंबर धरते, म्हणून खोकं थोडं मागं कलवून वाजवायची सवय लावायची. आणि झांजेसारखं वर चमकणारं काही त्यात नाही. पायात घुंगरांची पट्टी बांधा नाहीतर गाणाऱ्याच्या हातात शेकर द्या, निम्मी उणीव भरून निघते.

कमी कुठं पडतं? मोठ्या मैदानात. गाण्याचा शेवटचा भाग चढवायचा असतो, सगळे जोरात आलेत, आणि कॅजॉनकडं द्यायला काही उरलेलंच नसतं, पहिल्या कडव्यात पण तेच आणि शेवटी पण तेच. चाळीस-पन्नास लोकांसमोर हे जाणवत नाही, हजारभर लोकांसमोर लगेच जाणवतं. गणपतीच्या मंडळाच्या स्टेजवर फक्त कॅजॉन घेऊन जाऊ नका एवढंच सांगतो.

ऑक्टोपॅड

रोलँडनं १९८५ ला पहिला आठ पॅडचा ऑक्टापॅड काढला, आणि आपल्या ऑर्केस्ट्रांनी, बेंजो पार्ट्यांनी तो असा उचलला की आता कुठल्याही कंपनीचं असलं तरी गावात सगळे ऑक्टोपॅडच म्हणतात. आठ रबरी पॅड, प्रत्येकावर पाहिजे तो आवाज. एका गाण्यात ड्रम, पुढच्या गाण्यात ढोलक, त्यापुढं कोंगा, मध्येच टाळी. फर्माईशीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला याच्यासारखं वाद्य नाही. लग्नाचा संगीत प्रोग्रॅम, वाढदिवस, कंपनीचं गॅदरिंग, जिथं समोरचा कुठलंही गाणं सांगतो आणि तुम्हाला दोन मिनिटांत ते वाजवायचं असतं, तिथं पैसे ऑक्टोपॅडच मिळवून देतो. शिवाय हेडफोन लावून रात्री बाराला पण प्रॅक्टिस करता येते, घरातल्यांना फक्त काड्यांची टकटक ऐकू येते.

आता दुसरी बाजू. लाइट गेली की रिदम गेला, पूर्णच गेला. ड्रमसेट, ढोलकी, कॅजॉन अंधारात पण वाजतात. म्हणून जनरेटर आहे का हे आधी विचारून घ्यायचं. प्रॅक्टिसला स्पीकर किंवा ॲम्प वेगळा लागतोच, तो खर्च लोक धरत नाहीत आणि मग कीबोर्डवाल्याच्या ॲम्पमध्ये वायर खुपसून दोघांचा आवाज फाटतो. नामांकित कंपनीचा नवा घ्यायला गेलात तर पन्नास हजाराच्या वर तयारी ठेवा, त्यात स्टँड, ॲम्प, किकचा पेडल धरलेलं नाही. सगळे आवाज साधारण दोन वायरींतनं बाहेर येतात, त्यामुळं साउंडवाल्याला एकटी किक वाढवायची म्हटलं तर जमत नाही, ते तुम्हालाच आत सेटिंग करून यावं लागतं. प्रत्येक गाण्याचा किट नंबर, म्हणजे आवाजांच्या संचाचा नंबर, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पॅडच्या बाजूला चिकटवा, नाहीतर शांत भजनाची सुरुवात डिस्कोच्या किकनं होते आणि देवाला पण हसू येतं.

आवाजाबद्दल सांगायचं तर ड्रमचे आवाज चांगले येतात, ढोलकीचे कामचलाऊ. कारण ढोलकीत आणि डग्ग्यावर एकच बोल दोनदा सारखा कधी पडतच नाही, मनगट दाबून घिस्सा ओढला की आवाज वर सरकतो, तो पॅडवर काडीनं मारून कसा येणार? ठरलेला 'गूं' येतो, पण ठरलेलाच येतो. चार वेळा ऐकलं की कान ओळखतो.

तबला-ढोलकी

हे मी शेवटी घेतलं कारण नव्या बँडात हे शेवटीच आठवतं, आणि मला वाटतं कोल्हापुरात, सांगलीत, इचलकरंजीत वाजवणाऱ्या बँडनं ते पहिल्यांदा आठवायला पाहिजे. तुमच्या प्रोग्रॅमची यादी काढा. जुनी हिंदी गाणी, दोन भावगीतं, एक अभंग, एक गझल, शेवटी एक लावणी, एखादं कोळीगीत. यातलं ऐंशी टक्के तबला-ढोलकीवरच बांधलेलं आहे. तिथं ड्रमसेटवाला काय करतो? केरव्याला सरळ चार ठोक्यांचा बीट लावतो, गाणं चालतं, पण त्यातली लचक जाते. 'धागे नती नक धिन' मधला तो शेवटचा 'धिन' ज्या ओढीनं पुढच्या समेवर नेतो ती ओढ बीटमध्ये नाही. आणि लावणीला ढोलकी नसेल तर मग लावणी घेऊच नका, पब्लिक माफ करत नाही.

माणसं पण हिकडं मिळतात. देवल क्लबसारख्या जुन्या संगीत संस्थेमुळं, गावोगावच्या भजनी मंडळांमुळं तबला शिकलेली पोरं-पोरी आपल्याकडं ड्रमरपेक्षा कितीतरी जास्त आहेत, फक्त त्यांनी बँडात वाजवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

त्रास मात्र आहेत, आणि पहिला त्रास सुराचा. ड्रमसेट, कॅजॉन कुठल्याही पट्टीला चालतात, तबला चालत नाही. पट्टी पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरनं मोजतात, पुरुष गाणारा पांढरी एक-काळी एकच्या आसपास, बाई गाणारी काळी चार-पाचच्या आसपास, म्हणजे एका प्रोग्रॅमला दोन तबले तर पाहिजेतच, आणि मध्ये कुणी 'आज गळा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊया' म्हटलं की तबलजी हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसतो आणि निवेदक जोक संपेपर्यंत बोलत राहतो. नट-बोल्टची ढोलकी याला बरी, पान्यानं पटकन चढवता उतरवता येते. त्यात आपला जुलै-ऑगस्ट. हवेत ओल असली की कातडं ढिलं पडतं, घरी लावून नेलेला तबला हॉलवर पोचेपर्यंत उतरलेला असतो, आणि मग स्टेजवरच्या गरम लाइटखाली अर्ध्या तासात परत चढतो. हलगीवाले वाजवायच्या आधी हलगी आगीवर शेकतात ते याच्यासाठीच. तबल्याला तसं काही करता येत नाही, शाईला, म्हणजे मधल्या काळ्या गोलाला जपावं लागतं, तेव्हा पिशवी जाड घ्या आणि अर्धा तास आधी स्टेजवर उघडून ठेवा.

दुसरा त्रास खालच्या आवाजाचा. डग्ग्याला चांगला माइक मिळाला तर ठीक, नाहीतर बाहेर फक्त चाटेची टणटण ऐकू येते. बेस गिटार नसेल तर कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं बेस धरलाच पाहिजे. इलेक्ट्रिक गिटार जोरात असेल तर तबला त्याच्याखाली चिरडतो, तिथं हट्ट करू नका.

आता समोरासमोर ठेवून बघा. चार गाणी घ्या, एक केरव्यातलं जुनं गाणं, एक दादऱ्यातलं, एक लावणी, एक तुमचं स्वतःचं जोरातलं गाणं. ड्रमसेट चौथ्यात राजा, पहिल्या-दुसऱ्यात पाहुणा, तिसऱ्यात नकोच. तबला-ढोलकी पहिल्या तिन्हीत घरची, चौथ्यात केविलवाणी. कॅजॉन लावणी सोडून बाकी तिन्हीत पास होतं, पण पहिला नंबर एकातही नाही. ऑक्टोपॅड पण चारही काढतो, चौथ्यात चांगला, तिसऱ्यात ऐकणारा जाणकार असेल तर तोंड वाकडं करेल. प्रॅक्टिसची जागा नसेल तर ड्रमसेट गेला. लाइटचा भरवसा नसेल तर ऑक्टोपॅड धोक्यात. पावसाळ्यात तबला-ढोलकी सोडून बाकी सगळे निवांत, फक्त ऑक्टोपॅडवर पाणी पडू देऊ नका.

माझं मत विचाराल तर स्वतःची गाणी करणारा, गिटारवर चालणारा बँड असेल तर आधी कॅजॉन घ्या, सहा-आठ महिने वाजवा, प्रोग्रॅम मिळायला लागले आणि जागा सापडली की ड्रमसेट. तोपर्यंत मोठ्या स्टेजला ड्रमसेट भाड्यानं आणा, साउंडवाल्यांकडनं मिळतो. प्रोग्रॅम करून चार पैसे मिळवायचे असतील, सगळ्या तऱ्हेची गाणी घ्यायची असतील, तर ढोलकी-तबल्याचा माणूस आणि ऑक्टोपॅड ही जोडी, आणि त्यातही माणूस आधी, मशीन नंतर. हातात फक्त ढोलकीवाला आहे आणि ऑक्टोपॅडचे पैसे नाहीत? मग त्याच पैशाच्या निम्म्यात एक साधी बेस गिटार घ्या आणि दुसऱ्या गिटारवाल्याला तिच्यावर बसवा. बँडात दोन गिटार असतातच, आणि दोघं पण तेच कॉर्ड वाजवत असतात. ढोलकी अधिक बेस ऐकून बघा एकदा, नादखुळा लागतंय.

फक्त 'स्टेजवर दिसायला भारी' म्हणून ड्रमसेट घेणार असाल तर तुमचे पैसे, तुमचा छोटा हत्ती.

काहीही घेतलं तरी रिदमवाल्याला स्टेजच्या एका टोकाला फेकू नका. ऑर्केस्ट्रात तसं करतात, गाणारे मध्ये आणि रिदम कुठंतरी कोपऱ्यात कनातीला चिकटून. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १० मीटर लांबच्या माणसाला तुमचा ठोका जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो आणि त्याचे चार बारीक भाग केले तर एकेक १२५ मिलिसेकंदांचा, त्यात ३० गेले तर चौथाई चुकली ना. गाणारा मागं पडला म्हणून रिदमवाला हळू होतो, तो हळू झाला म्हणून गाणारा अजून हळू, तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं झोपतं आणि दोष एकमेकांना. बेसवाला आणि रिदमवाला शेजारी, हातभर अंतरावर, आणि गाणाऱ्यासमोरच्या मॉनिटरमध्ये रिदम भरपूर, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात. रात्री १० नंतर उघड्यावर वाजवता येत नाही हे पण यादी करताना लक्षात ठेवा, सगळ्यात जोरातलं गाणं शेवटी ठेवलं आणि प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला तर तेच कापलं जातं.

सेकंडहँड घेताना थोडं सांगतो, कारण बहुतेक जण तेच घेणार. ड्रमसेट बघताना चकचकीत रंग बघू नका, किकचा पेडल पायानं चालवून बघा आणि झांजांच्या कडा बोटानं तपासा, चीर असेल तर ती वाढतच जाते आणि चांगल्या झांजा महाग असतात, स्वस्त सेटला मिळतात त्या पत्र्यासारख्या वाजतात. पुड्या बदलायला लागल्या तर हरकत नाही, त्या बदलायच्याच असतात. ऑक्टोपॅडचे आठही पॅड आधी हळू आणि मग जोरात मारून बघा, एखादा हळू मारल्यावर बोलत नसेल किंवा एक मारला की शेजारचा पण बोलत असेल तर किंमत पाडा नाहीतर सोडून द्या, आणि ॲडॅप्टर मूळचाच आहे का ते बघा. कॅजॉनच्या पाटीवर कान ठेवून टकटक करा, कुठं खडखडत असेल तर डिंक सुटलाय. तबला घेताना शाईला भेगा गेल्यात का आणि तुमच्या पट्टीला लागतो का हे गाणाऱ्याला शेजारी उभं करूनच बघायचं, पुडी बदलता येते पण खोडाचं तोंड लहान-मोठं करता येत नाही, टिपेचा तबला पांढरी एकला उतरवला की नुसता भदभदतो.